माईंचं अळू आणि लिमयांचा ससाणा

"कावळे आहेत ना तुमच्या भागात?" गुरुजींनी पुन्हा एकदा विचारलं.

"भरपूर आहेत," विद्याधर लिमये म्हणाले. "आपल्या सोसायटीची जैवविविधता उत्तम आहे. येतील."

गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला होता. त्यावर भात, वरण, खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि अळूची भाजी. ऊन असं होतं की भाताची शितं कडक व्हायला लागली होती. पलीकडच्या सोसायटीतल्या कडुनिंबावर कावळे ओळीने बसले होते. ते पानाकडे बघत होते, आम्ही त्यांच्याकडे बघत होतो, आणि मधे टोमॅटोच्या वाफ्यात रोवलेल्या दांडक्यावरचा एक करडा डबा थोड्या थोड्या वेळाने ससाण्याच्या आवाजात किंचाळत होता.

त्या दिवशी अविधवा नवमी होती. लिमयांच्या आई, म्हणजे माई, नवऱ्याआधी गेल्या. म्हणून त्यांचं श्राद्ध नवमीला, आणि जेवायला सवाष्ण म्हणून मी, रोहिणी. आम्ही गद्रे त्याच इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, गच्चीच्या बरोबर खाली. सवाष्णीने उपाशी पोटी यावं अशी आमच्यात पद्धत आहे, आणि कावळा शिवल्याशिवाय पानं वाढायची नाहीत ही दुसरी पद्धत. या दोन पद्धतींच्या कात्रीत मी काठापदराची साडी नेसून सकाळपासून चहावर उभी होते.

आज इतकी वर्षं झाली तरी तो दिवस आठवला की मला हसू येतं, आणि मग थोड्या वेळाने येत नाही. पण आधी त्या डब्याबद्दल सांगायला हवं.

लिमये आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. आयुष्यभर एका कंपनीत नियोजन खात्यात होते, त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे नियोजन उरलं आणि कंपनी गेली. मग शहरी शेतीच्या एका शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या गच्ची ताब्यात घेतली. मातीविना भाजी पिकवायच्या पांढऱ्या नळ्या आल्या. फुटक्या बेसिनमध्ये पालक आला. जोगळेकरांनी टाकायला काढलेल्या सूटकेसमध्ये मेथी पेरली गेली आणि तिच्यावर 'टाकाऊतून हिरवाई' अशी पाटी लागली. पहिल्या तोड्याचे टोमॅटो घरटी एक या प्रमाणात वाटले, त्याआधी त्यांचे सर्व बाजूंनी फोटो काढून ग्रुपवर टाकले. आमच्या वाट्याचा टोमॅटो बोराएवढा होता. ह्यांनी तो हातात घेऊन विचारलं, हा खायचा की देवापुढे ठेवायचा.

त्याच सुमारास आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. मी लिमयांना बोलावून दाखवली. ते खुर्चीवर चढले, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "वहिनी, ही गळती नाही. हे कंडेन्सेशन आहे. तुम्ही कुकर फार लावता."

त्या टोमॅटोंवर कबुतरं आणि पोपट यायला लागले, म्हणून हा डबा. गच्चीवर विजेची सोय लिफ्टच्या खोलीत होती, पण तिथल्या विजेला कुणी हात लावायचा नाही असा नियम होता आणि तो लिमयांनीच केला होता. तेव्हा वायर कठड्यावरून खाली सोडून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आणली. सकाळी उजाडलं की मी बटण दाबायचं आणि दिवेलागणीला बंद करायचं. म्हणजे छत माझं, वीज माझी, बटणही माझ्याच ओट्याशी. नाव मात्र सगळ्या सोसायटीत 'लिमयांचा ससाणा'.

आता माईंचं अळू. इमारतीच्या मागे, न्हाणीघरांचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे, माईंनी कधीकाळी दोन कंद खोचले होते. त्याला कुणी खत घातलं नाही की पाटी लावली नाही. आंघोळीच्या आणि धुण्याच्या पाण्यावर ते असं माजलं की सबंध सोसायटी वर्षभर अळू खायची. कुणाकडे सण असो, डोहाळजेवण असो, विळा घेऊन मागे जायचं आणि पानं कापून आणायची. माई गेल्यावर त्यांचे यजमान नाना रोज सकाळी तिथे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायला लागले. पिवळी पानं काढायचे, पाण्याला वाट करून द्यायचे. नाना मुळात अबोल, त्यात माई गेल्यापासून त्यांचं बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. अळवापाशी मात्र ते स्वतःशी काहीतरी पुटपुटताना दिसत. आम्ही बायका तेव्हा मुद्दाम तिकडे जात नसू.

नेमकी तीच जागा लिमयांना हवी होती. सांडपाणी शुद्ध करून त्यावर हिरवळ फुलवायचा मोठा प्रकल्प त्यांनी आखला होता. टाक्या, गाळण्या, पंप. पक्ष पंधरवड्यात नवीन काही सुरू करायचं नाही, म्हणून घटस्थापनेला जेसीबी येणार होता. प्रकल्पाचा रंगीत आराखडा जिन्याखाली लावला होता. घाण पाणी एका टोकाने आत शिरत होतं, बाणाबाणाने पुढे जात होतं आणि दुसऱ्या टोकाला मोठ्या पानांचं एक टवटवीत झाड काढलं होतं. मी नीट जवळ जाऊन पाहिलं. ते अळूच होतं.

"अहो, पण तिथे आत्ताही अळूच आहे की," मी लिमयांना म्हटलं होतं.

"आहे वहिनी, पण ते अनियोजित आहे."

नाना शेजारीच उभे होते. काठी टेकत मागच्या बाजूला निघून गेले. मला फार वाईट वाटलं, आणि लिमयांचा इतका राग आला की संध्याकाळी दोन कुकर जास्त लावले.

हे सगळं डोक्यात ठेवून आता पुन्हा गच्चीवर या.

"अहो," लिमयांच्या बायको मेधाताई हळूच म्हणाल्या, "तो ससाणा जरा वेळ बंद करायला सांगू या का रोहिणीला?"

"मेधा, मी सगळ्यांना लेखी कळवलंय. हे यंत्र कबुतरांसाठी आहे. कावळा बुद्धिमान पक्षी. त्याला खरा ससाणा आणि खोटा ससाणा कळतो. यंत्राचा आणि कावळ्याचा काहीही संबंध नाही."

लेखी कळवलं होतं हे खरं. पक्ष सुरू झाल्यापासून आमच्या गच्चीवर एकाही घराचा घास कावळ्याने घेतला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या जोगळेकरांनी वडिलांच्या तिथीला अर्धा दिवस वाट पाहिली होती. भावाशी बोलेन, बहिणीला माहेरी आणेन, सिगरेट सोडेन असं एकेक कबूल करून झालं, शेवटी पान गाईला घालून आले. तक्रार घेऊन गेले तर लिमये त्यांना म्हणाले होते, "जोगळेकर, यंत्राला दोष देऊ नका. तुमच्या वडिलांचंच काहीतरी राहिलं असेल." वर हे सगळ्यांना कळावं म्हणून सूचनाफलकावर 'कावळा व यंत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती' असा कागदही लावला होता.

त्यामुळे आता यंत्र बंद करायचं म्हणजे तो कागद गिळायचा. लिमये एक वेळ उपाशी राहिले असते.

तेवढ्यात जिन्यावरून जोगळेकरच आले. हात पाठीमागे बांधून कठड्यापाशी उभे राहिले, पानाकडे पाहिलं, कडुनिंबाकडे पाहिलं.

"शिवला नाही का अजून?"

"येईल," लिमये म्हणाले.

"नाही, यंत्राचा संबंध नसतोच," जोगळेकर म्हणाले. "माईंचं काहीतरी राहिलं असेल."

लिमयांचा चेहरा पडला. इतका वेळ तो नुसता घामेजलेला होता. मला वाटतं, तोपर्यंत हा प्रश्न त्यांनी आपल्या आईच्या बाबतीत विचारलाच नव्हता. बाकी काही असलं तरी आईवर त्यांचा जीव होता.

गुरुजींना अजून एका घरी जायचं होतं. ते म्हणाले, "यजमान, मनात काही असेल तर बोलून टाका. नाहीतर दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे."

"दर्भाचा नको," लिमये म्हणाले. "जोगळेकरांनीसुद्धा केला नव्हता."

त्यांनी हात जोडले. "माई, नानांची मी नीट काळजी घेईन."

डबा किंचाळला. कावळे जागचे हलले नाहीत.

"मेधावर ओरडणार नाही."

"हे जरा मोठ्याने म्हणा," मेधाताई म्हणाल्या.

"मेधावर ओरडणार नाही. गावच्या देवीला जाऊन येईन. तुझ्या पाटल्या मोडणार नाही, नातसुनेला घालू." एकेक बोलून ते झाडाकडे बघत. एक कावळा उडाला, आमच्या गच्चीवर अर्धी फेरी मारली, डबा किंचाळला तसा वळून पुन्हा फांदीवर जाऊन बसला. गुरुजींनी सुस्कारा सोडला. माझ्या पोटात तर कधीपासून वेगळेच मंत्र चालले होते.

नाना पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. त्यांना खाली बसवत नाही म्हणून सगळं मुलाच्या हातून चाललं होतं. आता त्यांनी मला हाक मारली.

"रोहिणी, गॅसवर काही ठेवून आलीस का?"

"नाही नाना. आज स्वयंपाकच केला नाही. ह्यांचं जेवण तुमच्याकडेच आहे."

"बघून ये. जळल्याचा वास येतोय मला."

"मी बंद करून—"

"बघून ये म्हणतो ना."

मोठ्या माणसाशी वाद काय घालायचा. साडी सावरत जिना उतरायला लागले आणि अर्ध्या जिन्यात थांबले. नानांना वास येत नाही. मागे कधी डोक्याला मार लागला होता, तेव्हापासून त्यांचं नाक गेलं होतं. त्यांच्यासमोर दूध उतू जाऊन करपलं तरी त्यांना पत्ता नसतो, हे माईंनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की सोसायटीत नव्याने राहायला आलेल्यालासुद्धा ठाऊक असायचं.

मी उरलेल्या पायऱ्या भराभर उतरले. घरात गेले, स्वयंपाकघरात आले, आणि ओट्याशी त्या बटणापुढे उभी राहिले. खिडकी उघडी होती. वर कठड्यापाशी चाललेलं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

"विद्या," नानांचा आवाज आला, "अळवाचं बोल."

"अळवाचं काय बोलायचं, नाना?"

"तिनं लावलेलं आहे. काढतो आहेस. तिला सांग तरी."

"नाना, प्रकल्प सर्वसाधारण सभेत मंजूर झालाय."

"ती कुठे होती सभेला?"

मी बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही.

"माई," लिमयांचा आवाज आला, "तुझं अळू आम्ही कुंडीत लावू. चांगल्या मोठ्या कुंडीत."

ससाणा किंचाळला.

"अळू कुंडीत येतं होय?" हे जोगळेकर.

"बरं. माई, प्रकल्पात एक कोपरा तुझ्या अळवाला ठेवू. तुझ्या नावाची पाटी लावू. संगमरवरी."

पाटीच्या नावाने मला संताप आला. ज्या बाईने उभ्या जन्मात आपल्या अळवाचं कौतुक कुणाला सांगितलं नाही, तिला हा संगमरवर देणार होता. मी बोट तसंच ठेवलं. ससाणा पुन्हा किंचाळला, आणि या खेपेला तो मलाही अगदी माईंच्या वतीने किंचाळल्यासारखा वाटला.

"यजमान," गुरुजी म्हणाले, "देताना हात आखडता घेऊ नये."

कठड्याजवळ कुणीतरी नाक ओढलं. लिमये बोलले तेव्हा त्यांचा अध्यक्षांचा आवाज नव्हता. लहान मुलाने चूक झाल्यावर आईपाशी जाऊन बोलावं तसं ते बोलत होते.

"माई, अळू आहे तिथेच राहील. जेसीबी येणार नाही. प्रकल्प नको. जेवून घे गं आता."

मी बटण बंद केलं.

कावळे इतक्या लवकर येतील असं मलाही वाटलं नव्हतं. ते बिचारे अर्धा पक्ष त्या झाडावर आशेने बसून होते. पंखांचा फडफडाट झाला, पाठोपाठ मेधाताईंचा "आला, आला" असा रडवेला आवाज, आणि गुरुजींचं घाईघाईने काहीतरी म्हणणं. एक नव्हे, पाच-सहा कावळे पानावर तुटून पडले असावेत, कारण वड्याचा एक तुकडा माझ्या खिडकीच्या गजावर येऊन पडला.

मी थोडी थांबले. पान पुरतं साफ झाल्याचं बोलणं ऐकलं. मग बटण पुन्हा चालू केलं आणि वर गेले.

लिमये डोळे पुसत होते. तेवढ्यात डबा किंचाळला. त्यांनी चष्मा लावला, डब्याकडे पाहिलं, रिकाम्या पानाकडे पाहिलं आणि जोगळेकरांकडे वळले.

"पाहिलंत? यंत्र चालू असताना कावळा आला. मी म्हणत नव्हतो का, यंत्राचा काही संबंध नाही."

"नाही, नाही," जोगळेकर म्हणाले. "माईंचंच राहिलं होतं."

"काय जळत होतं गं?" नानांनी मला विचारलं.

"काही नाही नाना. होतं ते बंद करून आले."

"बरं झालं," नाना म्हणाले आणि काठी शोधू लागले.

त्या दिवशी मी जेवले तशी पुन्हा कुठल्याच श्राद्धाला जेवले नाही. मेधाताईंनी खणानारळाने ओटी भरली. नानांनी अळूची भाजी दोनदा मागून घेतली, भाताबरोबर कालवून अगदी बोटं चाटून खाल्ली. लिमये त्यांच्या पानाकडे बघतच राहिले. शेतीच्या शिबिरात त्यांना हे कुणी शिकवलं नसावं.

पुढे काय झालं तेही सांगते, कारण लिमयांवर अन्याय नको. त्यांनी शब्द पाळला. जेसीबी आला नाही. मात्र स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दिवाळीच्या आत अळवापुढे एक फलक उभा राहिला : 'नैसर्गिक सांडपाणी शुद्धीकरण व पुनर्वापर. संकल्पना : वि. ना. लिमये.' दुसऱ्या सोसायट्यांतून लोक बघायला येऊ लागले. लिमये छडी घेऊन त्यांना समजावून सांगत की यात पंप नाही, वीज नाही, गाळणी नाही, आणि हाच आमच्या नियोजनाचा गाभा आहे. लोक टिपून घेत. नाना आपल्या खुर्चीवर बसून ऐकत. एकदा कुणीतरी त्यांना पाहुण्यांपैकी समजून बाजूला व्हायला सांगितलं, तर तेही झाले.

ससाणा पुढच्याच उन्हाळ्यात बिघडला. माझ्या छतातलं कंडेन्सेशन त्याच्यात उतरलं असं लिमयांचं मत पडलं.

पण मला सांगायचंय ते नवमीच्याच दुपारचं. जेवणं झाल्यावर मी विळा घेऊन मागे गेले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाहुणे होते. नाना खुर्चीवर होतेच. मी पानं कापायला वाकले. त्यांच्याशी काय बोलावं कळेना, म्हणून आपलं बोलायचं तसं म्हटलं, "माईंना फार आवडायचं ना अळू?"

"तिला?" नाना म्हणाले. "तिनं कधी जिभेवर ठेवलं नाही. तिचा घसा सुजायचा. चिरताना हातसुद्धा कोपरापर्यंत लाल व्हायचे. खोबरेल चोळत बसायची रात्रभर."

मी विळा खाली ठेवला.

"मग एवढं लावलं कशाला?"

नानांनी एक पिवळं पान काठीने बाजूला सारलं, पाणी अडलं होतं तिथली माती उकरून त्याला वाट करून दिली. वरच्या मजल्यावर कुणीतरी आंघोळ करत असावं, कारण पाणी जोरात आलं आणि अळवाच्या बुडाशी पसरलं.

"देठ टाकू नकोस," थोड्या वेळाने ते म्हणाले. "देठी करून दे मला. मेधाला जमत नाही. दही घातलंस की वरून थोडी तूप-जिऱ्याची फोडणी दे, ती देत असे."